परस्पर

नवरा गेला आणि महिन्याभरात धाकट्या दिराने तिला घराबाहेर काढलं. म्हणाला, "वहिनी, आता तुमचा इथे काय संबंध?"

काही वर्षांनी त्याने ते घर विकायला काढलं. दलाली वाचावी म्हणून सगळं परस्पर ठरवलं, आगाऊ रक्कम घेतली आणि उडवलीही. दलालाने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, ते घेणाऱ्याच्या वकिलाने शेवटी विचारलं, "अर्धं घर तुमच्या भावाचं. त्यांच्या पत्नीची सही कुठंय?"

दीर नाक मुठीत धरून तिच्या भाड्याच्या खोलीत आला. "झालं गेलं विसरा, वहिनी. एवढी सही करा."

तिने त्याला पाणी दिलं, कागद शांतपणे वाचला आणि पेनाला टोपण लावलं.



"विकायचंय कुणाला, भाऊजी? उद्या सकाळी मी राहायला येतेय."