हरलेल्यांची घागर

“बाई, जगदेवीला आमच्यात नका देऊ,” पंचाक्षरी उभा राहून म्हणाला. “ती ज्या गटात, त्यो गट हरतो.”

त्याच्या मागच्या पोरांनी माना डोलावल्या. विनीताबाईंनी फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढली. दर शनिवारी पाचवीच्या मराठीच्या तासाला प्रश्नमंजूषा व्हायची आणि दर शनिवारी आधी हे भांडण. कोण कुणाच्या गटात, कोण आधी बोललं, कुणी मागून सांगितलं. पोरांना भाषेची गोडी लागावी म्हणून बाईंनी हा खेळ सुरू केला होता. गोडी कुणाला लागली ते देव जाणे, बाईंचा घसा मात्र कोरडा पडायचा.

“खेळात असं म्हणायचं नसतं,” त्या म्हणाल्या.

जगदेवी गुपचूप उठली आणि पंचाक्षरीच्या गटात जाऊन बसली. दप्तर खाली ठेवताना ठण्णकन आवाज झाला.

“दर शनवारी चरवी आणती ही,” कुणीतरी हसलं.

“ताकाची हाय,” जगदेवी म्हणाली.

तिच्या घरची म्हैस दिवाळीआधीच बाजारात गेली होती. कसलं ताक आणि कसलं काय, पण बाईंनी विचारलं नाही. विचारायचं म्हटलं तरी त्राण लागतं. रेणापूरच्या पुढे एसटीतून उतरून त्या रोज उन्हातून चालत यायच्या.

लातूर जिल्हा नवा झाला होता. शाळेच्या शिक्क्यावर अजून उस्मानाबादच होतं, आणि पाऊस दोन्ही जिल्ह्यांना सारखाच विसरला होता. हापसा नुसता खडखडत होता. टँकर येईल तेव्हा येई, आणि ज्याच्या घरचं माणूस रांगेत उभं त्यालाच पाणी मिळे. पाणी उरलं होतं ते मन्मथअप्पांच्या मळ्यातल्या विहिरीला, आणि मळ्याच्या फाटकाला कुलूप होतं. गावातल्या कुणाला अप्पा आत सोडत नसत. शनिवारी शाळेच्या लेकरांसाठी मात्र ते कुलूप काढत. शाळेचा रांजण भरणं म्हणजे देवाचं काम, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून बाईंनी नियम केला होता. हरलेल्या गटाने घागरी घेऊन मळ्यात जायचं आणि रांजण भरायचा. जिंकलेल्यांनी घरी जायचं.

जगदेवी नुसती मठ्ठ असती तर बाईंना एवढा ताप झाला नसता. मठ्ठ पोरं गप्प तरी बसतात. ही सगळ्यांच्या आधी ओरडायची, आणि गटातून पहिलं येईल तेच उत्तर धरायचं, असं ठरलेलं. ‘खोल’चा विरुद्धार्थी शब्द? “लांब.” म्हण पूर्ण करा, पालथ्या घड्यावर? “दगड.” चुकूनसुद्धा कधी बरोबर यायचं नाही. इतकं नेमकं चुकायलाही नशीब लागतं, असं बाईंना वाटायचं. त्यांनी गट बदलून पाहिले, सोपे प्रश्न देऊन पाहिले. काही उपयोग झाला नाही.

त्यात आज दुष्काळात तेरावा महिना. जिल्ह्याहून साहेब येणार होते. पाचवीतली कच्ची पोरं हेरून त्यांना परत चौथीत बसवायचं, असा त्यांचा नवा खाक्या होता; शाळेने पाठवलेल्या कच्च्यांच्या यादीत जगदेवी पहिली होती. आणि पोरगी खाली बसली की शाळा बंद, मग माझ्यासंगं खडी फोडायला, असं जगदेवीचा बाप सांगून दुष्काळी कामावर गेला होता.

गट बसले तसं बाईंनी जगदेवीला व्हरांड्यात बोलावलं.

“आज नीट उत्तरं दे गं. नाहीतर साहेब तुला खाली बसवतील. पुढं काय होईल ठाऊक आहे ना?”

“हाव.”

“घरी आईला सांगत जा अभ्यास घ्यायला.”

“माय बाळंतीण हाय. उठाया येत न्हाई तिला.” जगदेवी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग हळूच म्हणाली, “बाई, आज बी हरलेल्यांनीच पाणी आणायचं ना?”

एवढीशी पोर, आणि तिला त्या उन्हाची, त्या घागरीची इतकी धास्ती. आपण शिकवतो की छळतो? बाईंना स्वतःचाच राग आला.

साहेब येऊन खुर्चीत बसले आणि रुमालाने मान पुसू लागले. बाई वर्गासमोर उभ्या राहिल्या.

“आजपासून पाणी ही शिक्षा नाही,” त्या म्हणाल्या. “जो गट जिंकेल त्याने रांजण भरायचा, मान म्हणून. हरलेल्यांनी खुशाल घरी जायचं.”

“मंग जिंकायचं कशाला?” पंचाक्षरी पुटपुटला.

जगदेवीने मान वर केली. “नक्की का, बाई?”

“नक्की.”

साहेबांनी पसंतीची मान हलवली. बाईंनी पहिला प्रश्न विचारला. ‘खोल’चा विरुद्धार्थी शब्द?

“उथळ,” जगदेवी म्हणाली.

पालथ्या घड्यावर?

“पाणी.”

‘पाणी’ला समानार्थी शब्द?

“जल, नीर, उदक, तोय, जीवन.”

समोरच्या गटाचे हात अर्ध्यावरच राहिले. पंचाक्षरी तिच्याकडे आ वासून बघत होता. बाई विचारत गेल्या आणि फळ्याची एक बाजू गुणांनी भरत गेली, दुसरी कोरीच राहिली.

“हिला कच्ची म्हणत होता तुम्ही?” साहेब उठता उठता हसले. “राहू द्या पाचवीतच.”

साहेबांची जीप गेली. बाईंना हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि थोडा रागही. जिंकलेला गट कोपऱ्यातल्या घागरी उचलू लागला.

“अगं, एवढं सगळं येतं तुला,” त्या जगदेवीला म्हणाल्या, “मग गेल्या शनिवारी का नाही सांगितलंस?”

जगदेवी दप्तरातून चरवी काढत होती. तिने वर पाहिलं नाही.

“गेल्या शनवारी हरलेल्यांना पाणी होतं, बाई.”