दुसरा नंबर

ईमेल वाचून झाला आणि वर्षाने आधी काय केलं असेल, तर ऑफिसचं दार लोटून घेतलं. जणू बातमी आपल्या पायांनी जिना उतरून तलासरी नाक्यावर बोंबलत फिरणार होती. तुमचा प्रस्ताव दुसऱ्या क्रमांकावर राहिला, आभारी आहोत. बस, एवढंच.

हरणं तिला नवीन नव्हतं. कंपन्यांना कामं मिळावीत म्हणून त्यांची प्रपोजलं लिहून द्यायची, हाच तिचा धंदा. डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यांची लिहिली, घोलवडच्या चिकूवाल्यांची लिहिली. कधी काम मिळालं, कधी हुकलं. पण लाहूकाका झरीचे, तिच्याच पाड्यावरचे. मजूर पुरवता पुरवता त्यांनी पाड्यावरच्या हिरवा देवाच्या नावाने कंपनी काढली होती, आणि एका कारखान्याला वर्षभर माणसं पुरवायचं हे काम त्यांच्यासाठी फार मोठं होतं. आपल्या माणसांतलं हे पहिलंच गिऱ्हाईक म्हणून वर्षाही हवेत होती. "काका, काम आलंच म्हणून समजा," असं बोलून बसली होती. आता झरीतला दुसरा कोण कशाला हा जिना चढेल? घरी वडील टपलेलेच होते. शाळेतली नोकरी सोडून पोरगी दुसऱ्यांची तारीफ लिहीत बसते, हे त्यांना अजून कोणाला धड समजावता आलं नव्हतं.

जिन्यात चपला वाजल्या. लाहूकाका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून. खुर्चीत बसले, पण कडेला टेकून.

"आला का जबाब, मॅडम?"

ज्यांनी लहानपणी तिला चिंचा पाडून दिल्या, तेच काका ऑफिसात शिरले की तिला मॅडम म्हणत.

वर्षाने सरळच सांगून टाकलं. "काका, नाही मिळालं. थोडक्यात गेलं. दुसरा नंबर आला आपला."

काका खुर्चीतून पुढे झुकले. "नक्की?"

"नक्की."

"जरा बायकोला फोन करून येतो," म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन त्यांनी मागे दार ओढून घेतलं.

वर्षाला वाटलं, एवढा मोठा बाप्या, तिच्यासमोर रडायला नको म्हणून बाहेर गेला असणार. पण दार प्लायवुडचं. आवाज थोडाच अडणार त्याने?

"रूपी! ऐकलास का? नाय मिलला! काम नाय मिलला! अगं खरंच, मॅडमनंच सांगितला. दुसऱ्याला गेला... हां, आता झोप लागंल बघ. सगल्यांना सांग, खुशाल आवणी करा म्हणावं."

आवणी! वर्षाने कपाळाला हात लावला. रोपांसाठी जमिनीवर पाचोळा जाळायचा, ते राब कधीच भाजून झाले होते. जुलैत भाताची रोपं लावायची, आणि त्या दिवसांत झरीतला माणूस दुप्पट मजुरी दिली तरी गाव सोडत नाही. आधी आपलं शेत, मग शेजाऱ्याचं. ती स्वतः त्याच चिखलात वाढलेली. पण इंग्रजीत लिहायला बसली की चिखल आठवतो कुठे? तिने ऐटीत लिहून टाकलं होतं, जुलैपासून बाराही महिने रोज साठ माणसं हजर. काम मिळालं असतं, तर त्या साठांतले सहा तरी काकांनी कुठून आणले असते? पहिल्याच महिन्यात कंपनी बुडाली असती, आणि लिहून देणारीचं नाव तिच्या आधी. वर्षाला एकदम हायसं वाटलं. कोणी छातीवरून पाटा उचलावा तसं. हरून एवढं बरं तिला कधीच वाटलं नव्हतं.

लाहूकाका आत आले ते चेहरा पाडून, मयताला जाऊन आल्यासारखे.

"वाईट झालं, मॅडम. नशिबात नव्हतं."

"काका, दार प्लायवुडचं आहे."

काकांनी आधी दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. आणि असे काही फुटले हसत, की खालच्या दुकानातल्या माणसाने वर मान करून बघितलं. वर्षाही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण मी मराठीत सगळं सांगितलं होतं तुम्हाला. तेव्हाच का नाही बोललात? आवणीपुरती सवलत मागितली असती. एका ओळीचं तर काम."

लाहूकाकांनी मान खाली घातली.

"पोरी, तू सांगत होतीस, लाहू असा, लाहूची माणसा तशी. आख्ख्या जन्मात माझ्याबद्दल एवढा चांगला कोणी बोलला नाय. मध्येच थांबवू कसा?"

 वर्षाने उगाच टेबलावरचे कागद सारखे केले.

"दिवाळीनंतर दुसरा काम बघ," काका उठत म्हणाले. "वीस माणसांचा. भात झोडून झाला का लोक मोकलेच असतात. आणि मला विचारल्याशिवाय लिहू नको."

"नाही लिहिणार."

"आणि पाड्यावरचा हाल्या मंडपाचा धंदा करतो ना, त्याला पण पाठवतो तुझ्याकडं. चांगला लिहितेस तू."

दारापर्यंत जाऊन काका घुटमळले. मागे वळून, आवाज खाली आणून म्हणाले,

"त्यातला तो माझ्याबद्दलचा पान मराठीत छापून दे ना. रूपीला वाचून दाखवतो. तिलाही कलू दे, लगीन कोणाशी झालाय ते."