सावरणारा हात

"विमानात दोष नाही. निहारचा हात बसला नव्हता, एवढंच," सिम्युलेटरच्या खुर्चीतून उठत रणदिवे म्हणाले. ज्या लँडिंगमध्ये गेल्या आठवड्यात तरुण पायलट निहार गेला, तेच त्यांनी आत्ता अलगद करून दाखवलं होतं. या विमानाची पहिली चाचणी त्यांनीच घेतली होती. 'हाताळायला सोपं' हा शेराही त्यांचाच.

इंजिनियर केतकीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "सर, हा तुमच्या हाताचा आलेख. स्टिक ओढल्यावर विमानाचं नाक जरा उशिरा उचललं जातं. तुमचा हात ते आधीच ओळखून सावरून घेतो, तुम्हाला कळतही नाही. नाक उचलेना म्हणून निहार आणखी ओढत गेला, मग घाबरून ढकलत."

रणदिवेंनी त्या बारीक, थरथरत्या रेषेवरून बोट फिरवलं. म्हणजे दोष होता. तो त्यांच्याच हाताने झाकला होता, आणि उद्या चौकशी समिती चूक निहारच्या माथी मारणार होती.

"पुन्हा लाव," ते खुर्चीत बसत म्हणाले. "रेकॉर्ड कर, समितीला डोळ्यांनी दिसू दे. आता निहारसारखं उडवतो."

त्यांनी मुद्दाम स्टिक जास्त ओढली. नाक वरखाली डोलायला लागलं आणि मनगटाने ते आपसूक सावरलं. विमान अलगद टेकलं. पुन्हा लावलं. पुन्हा टेकलं.

"केतकी," स्टिकवरचा हात काढत ते म्हणाले, "मला पाडताच येत नाहीये गं."