नव्वद मिलिमीटर

नव्या बाई पुन्हा साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि दार लागलं. आठवड्यातली ही तिसरी खेप. चोवीसरावांनी घड्याळात पाहिलं, मग समोरच्या वहीत पाहिलं. वहीतलं एक अक्षर डोक्यात शिरेल तर शपथ.

त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. दुष्काळ मोजणाऱ्या या कचेरीत अठरा वर्षं ते चोवीस महिन्यांचा नकाशा काढत होते, म्हणून चोवीसराव. गेल्या चोवीस महिन्यांचा पाऊस एरवीच्या तेवढ्याच काळाशी ताडून बघायचा, तूट मोठी असली की तो भाग लाल करायचा. विहिरी कधी तळ गाठणार, ते त्यावरून कळायचं.

नव्या बाई वर्षापूर्वी बदलून आल्या आणि त्यांच्याकडे एका महिन्याचा नकाशा आला. रीत तीच, मुदत तोकडी. पण तो दर महिन्याला रंग पालटायचा आणि टीव्हीवर झळकायचा. चोवीसरावांचा नकाशा गोगलगाईच्या चालीने बदलायचा. त्याला विचारतो कोण!

"माझा नकाशा विसरभोळा आहे हो," बाई एकदा हसत म्हणाल्या होत्या. "महिना उलटला की सगळं विसरतो. तुमचा मात्र डूख धरून बसतो."

सगळे हसले होते. चोवीसरावांना ते हसणं अजून झोंबत होतं.

साहेब पुढच्या महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. खिडकीजवळची त्यांची खुर्ची आपलीच, असं चोवीसरावांनी केव्हाच धरून ठेवलं होतं. आणि आता ही कालची बाई दार लावून गुलुगुलु बोलत होती.

दार उघडलं. बाई सरळ त्यांच्या टेबलाशी आल्या.

"चोवीसराव, पाठ अजून दुखते का हो तुमची?"

"का?"

"सहज. साहेबांची खुर्ची फार खोलगट आहे. उंच पाठीची बरी, नाही का?"

"खुर्च्यांचं दुकान काढताय की काय?"

बाई नुसत्या हसल्या. चोवीसरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. अजून नेमणूक व्हायची आहे आणि हिने खुर्चीचं मापही काढलं!

पहिल्या तारखेला दूरच्या खोऱ्यातल्या धरणावरून राखणदाराचा फोन आला. फोन चोवीसरावांच्या टेबलावर असायचा. तेच आकडे घेत आणि चिठ्ठीवर लिहून बाईंना देत.

"नऊ लिहा. महिनाभरात नऊ मिलिमीटर, बास. जमीन भेगाळलीय इथं."

चोवीसरावांनी फोन ठेवला आणि चिठ्ठीवर लिहिलं, ९०. पडताळून बघणं तिचं काम, त्यांनी स्वतःला समजावलं.

मग त्यांनी आपल्या वहीतही नव्वदच लिहिलं. उद्या कुणी दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले, तर जुळायला नकोत? बाईंच्या एका महिन्यात नव्वदने धमाल उडणार होती. चोवीस महिन्यांच्या बेरजेत मात्र ते दर्यामे खसखस. वही शाईची होती. अठरा वर्षांत तिच्यात एक खाडाखोड नव्हती आणि हे ते येईल त्याला सांगत.

तिसऱ्या दिवशी टीव्हीवर ते तहानलेलं खोरं हिरवंगार दिसलं. तिथल्या लोकांनी फोन करकरून कचेरी डोक्यावर घेतली. एक म्हातारी म्हणाली, "बाळांनो, तुमच्या नकाशातलं पाणी दोन टँकर भरून इकडे पाठवा."

साहेबांनी सगळ्यांसमोर बाईंना फैलावर घेतलं. "आकडा आला कुठून?"

"चिठ्ठी सापडत नाहीये," बाई म्हणाल्या. सापडणार कशी? ती चोवीसरावांनी गुपचूप उचलून खिशात टाकली होती. "पण मी पडताळायला हवं होतं. चूक माझी."

त्यांनी चोवीसरावांकडे पाहिलंही नाही. धरणावर फोन लावला, नऊचा आकडा घेतला आणि दुरुस्त नकाशा पाठवून दिला. त्या दुपारी चोवीसरावांना डबा फार गोड लागला. वहीतला आकडा खोडायचा, तर शाईवर डाग दिसणार. त्यांनी पान उलटलं.

महिनाअखेरीस निरोपाचा चहा झाला. चार दिवस आधी साहेबांनी सगळ्यांच्या वह्या मागवून घेतल्या होत्या, जाण्याआधी सह्या करायला. चोवीसराव मागच्या रांगेत उभे होते. टाळ्या वाजवायला लागणार म्हणून तोंड कडू झालं होतं.

"माझी खुर्ची चोवीसरावांकडे जातेय," साहेब म्हणाले. "चोवीसराव, वरच्यांना तुमचा नकाशा कळतच नव्हता. बाईंनी टिपण लिहिलं, माझ्याकडून तीनदा दुरुस्त करून घेतलं, तेव्हा कुठे पटलं. स्वतः त्या आईजवळ राहायला गावी निघाल्यात. राजीनामा दोन महिन्यांपूर्वीच दिला होता. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी तंबी होती मला."

दोघा शिपायांनी खुर्ची आत आणली. उंच पाठीची, नवी कोरी. टाळ्या वाजल्या. कुणीतरी चोवीसरावांना खांद्याला धरून तिच्यात बसवलं. पाठीला अगदी बरोबर बसत होती.

गर्दी पांगल्यावर बाई आल्या. त्यांच्या हातात शाईची वही होती.

"साहेबांकडून मीच घेतली होती. शेवटची दोन वर्षं कॉम्प्युटरवर चढवली, तुमची पाठ वाकायला नको. धरणावर फोन करून एकेक आकडा पडताळला. या खेपेला विसरले नाही."

चोवीसरावांनी वहीसाठी हात पुढे केला.

"एकच जुळला नाही. कॉम्प्युटरवर मी नऊ केलाय, खोऱ्यातल्या लोकांचं नुकसान नको. वहीला हात लावला नाही. तुमच्याकडे खाडाखोड चालत नाही ना."

"बाई, मी..."

"असू दे हो." बाईंनी वही हळूच त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पर्स खांद्याला अडकवली. "माझ्या नकाशातून तो महिना उद्या जाईल. तुमच्याकडे अजून तेवीस महिने आहे."