वीतभर लांब

कुंदाताईंनी सिलिंडर उचलला आणि पलंगावरून ते पाहणारे सुधाकरराव किंचाळले.

"अहो, उचललाय मी!"

"पण कळ मला आली गं!" त्यांना दरदरून घाम फुटला होता.

कमरेचा एमआरआय स्वच्छ आला होता. डॉक्टर म्हणाले होते, "नऊ वर्षं दुखून मेंदूच बदललाय. कोणी वाकलेलं दिसलं तरी तो कळ उठवतो." घरी त्याचा अर्थ 'नाटकं' असा लागला होता.

आज तो घाम पाहून कुंदाताईंना पहिल्यांदाच खरं वाटलं. मलमाची डबी घेऊन त्या जवळ बसल्या. "पालथे व्हा, हलकेच चोळते."

या हातासाठी सुधाकरराव नऊ वर्षं थांबले होते. हात वीतभर लांब असतानाच कळ आली. तो माघारी जाऊ नये म्हणून त्यांनी उशी दातांत धरली.