कणांचं नाव

"पत्रिकेच्या व्हिडिओत कण चारी बाजूंनी उडत यायला हवेत काका, आणि बघता बघता त्यांचं नाव व्हायला हवं," आभा म्हणाली. "जमेल ना?"

"जमेल," काका म्हणाले.

सातपूरला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत ते लग्नांचे, बारशांचे व्हिडिओ करून देत. तिथंच कॉम्प्युटर, तिथंच शेगडी, तिथंच खाट. गल्लीत सगळे त्यांना काकाच म्हणत. एखादा दिवस कुणाशी एक शब्दही न बोलता जाई. मग ते उगाचच खाली उतरून काडेपेटी घेऊन येत.

आभा जळगावची. नवरामुलगा गौरांग अंबडच्या एका कंपनीत होता, म्हणून लग्न नाशिकला. हा पत्ताही त्यानंच दिला होता.

"नावं सांगा."

"गौरांग आणि आभा. खाली माझ्या आईचं, मंजुषा. आणि बाबांचं, देवव्रत. त्याच्याआधी 'कै.' टाका."

काकांची बोटं थांबली.

आभाला अशा थांबण्याची सवय होती. "मी तान्ही होते तेव्हा," ती म्हणाली. "सिन्नरजवळ अपघात झाला. त्यांचा फोटोसुद्धा नाही घरात. आईला बघवेनात, तिनं सगळे काढून टाकले. चेहरा कसा होता तेही मला माहीत नाही. म्हणून म्हटलं, नाव तरी असं कुठूनतरी यावं."

"येईल," काका म्हणाले. जरा थांबून त्यांनी विचारलं, "शनिवारी दाखवतो. आईंनाही घेऊन याल? मोठ्यांनी एकदा बघितलेलं बरं."

बाकीच्या नावांना त्यांनी नेहमीचा साचा लावला. 'देवव्रत' मात्र कोऱ्या पडद्यावर नव्यानं करायला घेतलं. सोनेरी कण येत, अक्षरांभोवती घुटमळत, पण बसत नसत. 'व्र'पाशी तर त्यांची नुसती गर्दी होई. कणांनी किती भरकटायचं तो आकडा त्यांनी हळूहळू शून्यावर आणला, तसे कण निवले आणि आपापल्या जागी बसले. नाव झालं.

काकांनी ते पुन्हा लावून पाहिलं. मग पुन्हा.

शनिवारी दुपारी दोघी आल्या. मंजुषा उंबऱ्यातच थबकली.

"या, बसा," काका म्हणाले. "पाणी देऊ?"

"नको."

व्हिडिओ सुरू झाला. अंधारातून कण निघाले, भिरभिरले, जवळ आले. नाव उभं राहिलं. आभानं डोळे पुसले आणि आईचा हात धरला. तो गार पडला होता.

"अजूनही बाबांचं नाव दिसलं की असंच होतं तिचं," ती काकांना म्हणाली.

काका पडद्याकडेच बघत होते. "'कै.' ठेवायचं ना?"

"म्हणजे काय काका? ठेवायचंच."

"आईंना विचारतोय. एकदा पाठवलं की सगळ्या नातेवाइकांकडे जाईल. मग बदलता येणार नाही."

खाली शिफ्ट सुटली होती. मोटारसायकली एकामागून एक गेल्या.

"राहू द्या," शेवटी मंजुषा म्हणाली. "इतकी वर्षं तसंच आहे."

काकांनी मान हलवली आणि व्हिडिओ आभाच्या मोबाइलवर पाठवून दिला.

तो तिथल्या तिथं पुन्हा पाहून आभा खूश झाली. जाताना ती वाकली. "आशीर्वाद द्या काका."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उचलायला जरा उशीरच केला.

"आणि लग्नाला नक्की यायचं हं. तुम्ही एवढं मनापासून केलंत." हसत हसत ती गाडी काढायला जिना उतरून गेली.

तिची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत मंजुषा दारात उभी राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "लग्नाला येऊ नकोस, देवव्रत."