बारावं फूल

“नोंद स्पष्ट आहे, गिरिजाबाई.” विभागप्रमुख ऋतुजा मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. “खंडेनवमीला दुपारी चार वाजता कपाटात बारा लॅपटॉप होते. आज अकरा आहेत. आणि त्या दिवशी सकाळपासून किल्ली तुमच्याकडंच आहे.”

गिरिजाबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्या स्क्रीनकडं बघत राहिल्या. सोलापुरातल्या त्या रुग्णालयात त्यांनी चौदा वर्षं फरशा पुसल्या होत्या, आणि कुणाची सुई उचलली नव्हती.

शेजारी अभिमन्यू मान खाली घालून उभा होता. नोंद त्याची होती. रुग्णालयातलं प्रत्येक यंत्र कुठं आहे, कुणाच्या ताब्यात आहे, कशाला जोडलंय, हे सगळं एका डेटाबेसमध्ये असे. सगळे त्याला सीएमडीबी म्हणत आणि तो सांभाळायचं काम अभिमन्यूकडं होतं. वर्षातून एकदा प्रत्येक यंत्रापाशी जायचं, त्यावरचा क्रमांक ताडून बघायचा आणि मगच ‘प्रत्यक्ष पाहिले’ अशी खूण करायची, हा नियम. यंत्रं तीनशे चाळीस. त्यातल्या निम्म्याहून अधिक खुणा अभिमन्यूनं त्या दिवशी खुर्चीत बसून केल्या होत्या. खुर्चीतली पाहणी फार झटपट होते. समोरचा चहासुद्धा गार झाला नव्हता. काम वेळेत झालं म्हणून मॅडमनी पाठ थोपटली, आणि गेल्या महिन्यात गडी नोकरीत कायम झाला.

खंडेनवमीच्या आधी आठवडाभर कपाटाची किल्ली बाहेरून आलेल्या वायरिंगवाल्यांकडं होती. त्या सकाळी त्यांच्याकडून घेऊन, कपाट न उघडताच त्यानं ती साफसफाईसाठी गिरिजाबाईंच्या हातात दिली होती. हे फक्त त्यालाच माहीत होतं.

“अभिमन्यू, तुम्ही स्वतः पाहिले होते ना?”

“हो,” तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला स्वतःची शिसारी आली.

“मग झालं. गिरिजाबाई, उद्यापासून येऊ नका. पुढचं पोलीस बघतील.”

गिरिजाबाई रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. “सायबांनी बघितलं म्हंजी असतीलच बारा,” त्या हळूच म्हणाल्या. “माजंच ध्यान नसंल. त्या दिशी फुलाचंबी तसंच झालं.”

“कसलं फूल?” मॅडमनी विचारलं.

“खंडेनवमीची पूजा की. मी आदी चादरीच्या कारखान्यात व्हते, तितं एकबी माग सोडत नव्हतो. हितं कपाटातल्यास्नी कोण पुसत न्हाय, म्हून मी सायबांस्नी इचारलं, किती हायत? कॉम्प्युटरात बघून बारा म्हनले. बारा झेंडू मोजून नेले. समद्यांस्नी हळद-कुंकू लावलं, फुलं वाहिली, तर एक उरलं. सायेब कसं चुकतील? मीच मोजाय चुकले म्हनलं, आनि ते फूल त्यांच्याच कॉम्प्युटरवर ठेवलं.”

अभिमन्यूला ते फूल लख्ख आठवलं. त्याच्या कॉम्प्युटरवर त्या दिवशी दोन झेंडू होते. मावशींचा आपल्यावर जीव आहे, असं वाटून तो सुखावलाही होता. त्यातलं एक सारखं स्क्रीनवर घसरत होतं. ते उचलून त्यानं बाजूला ठेवलं होतं आणि पुढची खूण केली होती.

गिरिजाबाई कमरेची किल्ली सोडवत होत्या. गाठ घट्ट बसली होती, सुटत नव्हती. ते त्याला बघवेना.

“मॅडम, मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “मी कपाटापाशी गेलोच नव्हतो. तिथल्या सगळ्या खुणा इथं बसून केल्या. यांचं फूल उरलं, म्हणजे लॅपटॉप त्याआधीच गेला होता.”

मॅडमनी पुन्हा ती नोंद वाचली, तारीख वाचली, खाली त्याचं नाव वाचलं.

“म्हणजे त्या दिवशी कपाट उघडून कुणीच बघितलं नाही?”

अभिमन्यूनं गिरिजाबाईंकडं हात केला.

“यांनी बघितलं, मॅडम. बारा फुलं घेऊन.”